तिकीट क्रमांक ४१७: अक्षरे मोठी राहत नाहीत

जगातल्या यच्चयावत गोष्टींचे दोनच प्रकार आहेत: टिकणाऱ्या आणि बदलणाऱ्या. टिकणाऱ्या गोष्टींना माणूस कंटाळतो आणि बदलणाऱ्यांना घाबरतो. जी टिकतही नाही आणि बदलतही नाही, तिला समिती म्हणतात. अशाच एका समितीचा मी गेली नऊ वर्षे चिटणीस आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते तिच्याविषयीच्या निखळ आदरापोटी. (इतिवृत्ते माझ्याकडेच असतात. कोणाला शंका असेल त्याने मागून घ्यावीत. तीन महिन्यांत मिळतात.)

आधी थोडा पूर्वरंग. संगणक चालवणारी लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे. ती फुकट मिळते, तिच्या पोटात काय आहे ते कोणालाही उघडून पाहता येते, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की हे आपण जास्त चांगले केले असते. या व्यवस्थेवर डोळ्यांना दिसणारा पसारा मांडणारे, म्हणजे खिडक्या, खालची पट्टी, कोपऱ्यातले घड्याळ, बाण आणि अक्षरे दाखवणारे, एक निराळे प्रकरण लागते. त्याला डेस्कटॉप म्हणतात. आमच्या डेस्कटॉपचे नाव ‘चौकट’. आम्ही काही माणसे घरचे खाऊन तो बनवतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना निदान लष्कर दिसते. आम्हाला तेही दिसत नाही. तरी भाजतो. प्रेमाचे काम आहे, आणि जिथे प्रेम तिथे भांडण हे ओघाने आलेच.

समितीत दोन पक्ष आहेत. पहिला स्थैर्य पक्ष. त्याचे पुढारी एक निवृत्त पूल-तपासनीस आहेत. हयातभर त्यांनी पुलांवर उभे राहून ते हलत तर नाहीत ना एवढेच पाहिले, आणि आता चौकटीवर उभे राहून तेच पाहतात. त्यांना सगळे खांबसाहेब म्हणतात, आणि ते त्यांना आवडते. दुसरा नावीन्य पक्ष. त्याची पुढारी दुकानांच्या दर्शनी काचा सजवण्याचा व्यवसाय करते. दर पंधरवड्याला सगळे उतरवून नवे लावणे हे तिच्या रक्तातच आहे. चौकटीत जे जे काही गरगर फिरते, फुलते किंवा विरघळते, ते तिने केलेले असते. तिला भिंगरी म्हणतात, आणि तेही तिला आवडते. खरे तर या समितीत कोणालाही न आवडणारे असे काहीच घडत नाही, फक्त काम तेवढे घडत नाही.

आमचे वर्ष दोन ऋतूंचे असते. अकरा महिने ‘गोठवण’ असते. त्या काळात चौकटीतल्या एका ओळीलाही हात लावायचा नाही, कारण ती स्थिर आहे. मग एक महिना ‘वितळण’. त्या महिन्यात चौकट मुळापासून नव्याने लिहिली जाते, त्यामुळे जुन्या चौकटीसाठी केलेली कोणतीही दुरुस्ती नव्या चौकटीला बसत नाही, आणि ती परत करावी लागते. परत करेपर्यंत गोठवण लागते. अशा रीतीने दोन्ही पक्षांना पूर्ण न्याय मिळतो. चूक तेवढी जागच्या जागी राहते, पण ती बिचारी कुठल्याच पक्षाची सभासद नाही.

आता आख्यानाला लागतो.

माझी थोरली बहीण एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. तिला घरात ताई म्हणतात आणि ग्रंथालयातही ताईच म्हणतात. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. खिडकीची कडी तिथे गंजून अडकलेली आहे, भिंतीला लाकडी खणांचे कपाट आहे, आणि त्या खणांत पुस्तकांची कार्डे आहेत: एका पुस्तकाला एक कार्ड, जाड शाईने हाताने लिहिलेले. कार्डे एकूण एकेचाळीस हजार. त्यांतली निम्म्याहून अधिक ताईच्याच हातची. ही सगळी कार्डे संगणकात चढवण्याचे काम तिच्याकडे आले, तेव्हा तिथे चौकट मीच बसवून दिली. फुकट होती आणि घरची होती. आपल्या माणसाला आपले तेच द्यावे, असा तेव्हा माझा समज होता.

दोन वर्षांत ताईचे डोळे उतरू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की नजरेचा मधला भाग हळूहळू धुरकट होत जाईल, कडेचा राहील. अक्षरे मोठी असतील तर बरीच वर्षे निभावेल. ताईने चौकटीतले अक्षरांचे सेटिंग तिप्पट केले. एका पडद्यावर जेमतेम चार ओळी मावू लागल्या, पण त्या चार ओळी तिच्या होत्या. तिने हे ग्रंथपालांना सांगितले नाही. ग्रंथपाल माणूस वाईट नाही. पण ज्या कर्मचाऱ्याला दिसत नाही त्याला वाचकांचे कोट सांभाळण्याच्या खिडकीवर बसवायचे, असा ग्रंथालयाचा नियम आहे, आणि ते नियमाला भिणारे आहेत. ताईला खिडकीवर बसायची लाज नव्हती. तिचे म्हणणे एवढेच होते की तिच्या हातच्या कार्डांवरचे अक्षर तिच्याशिवाय कोणाला लागत नाही, आणि जे कार्ड चढले नाही ते पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे.

अडचण एकच होती. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की चौकट अक्षरांचा आकार विसरत असे. अक्षरे पुन्हा मुंगीएवढी. ती मोठी करायची तर सेटिंगच्या सात पायऱ्या मुंगीएवढ्या अक्षरांत वाचाव्या लागत. थोडक्यात, ज्याला बारीक अक्षर वाचता येते त्यालाच अक्षर मोठे करून मिळत होते. (याला काही जण दोष म्हणतात. मी याला पात्रता परीक्षा म्हणतो.) भिंग धरून पाहिले तर अक्षरांऐवजी नुसते ठिपके मोठे दिसत.

ताईने सातही पायऱ्या पाठ केल्या. तीन वेळा खाली, एकदा उजवीकडे, टिचकी, पाच वेळा खाली, असे. एक वर्ष ते चालले. मग वितळण आली, नव्या चौकटीत पाचाच्या ऐवजी सहा वेळा खाली जावे लागू लागले, आणि एका सकाळी ताईने अक्षरे मोठी करण्याऐवजी सगळा पडदा उलटा केला. ग्रंथपाल यायला दोन तास होते म्हणून मला बोलावून घेता आले.

“अरे शहाण्या,” ती म्हणाली, “तुम्ही एवढी माणसं तिथं बसता. एक आकडा लक्षात ठेवायला सांगता येत नाही का त्याला?”

मी म्हणालो, “तिकीट काढतो.”

आमच्याकडे तक्रारीला तिकीट म्हणतात. ते काढून लोक वर्षानुवर्षे उभे असतात. ताईच्या तिकिटाला क्रमांक मिळाला ४१७.

ताई मात्र उभी राहिली नाही. तिने आपल्यापुरता तोडगा काढला: संगणक बंदच करायचा नाही. वीज गेली तर चालावा म्हणून तिने बॅटरीचा डबा आणून लावला. बटणावर जाड पुठ्ठा चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बंद करू नये. कृपया.’ पडद्यावर कोपऱ्यात दर आठवड्याला ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करायचे का?’ असे येई, त्याला ती न वाचताच नकार देई. जागा पाठ होती. झाडू मारणाऱ्या मावशी त्या टेबलाखालून, झोपलेल्या तान्ह्या मुलाजवळून जावे तशा, श्वास धरून केर काढत.

इकडे तिकीट ४१७ ची भरभराट झाली. सहा वर्षांत त्यावर १,८४६ संदेश आले. त्यांतले ६११ ‘स्थैर्य म्हणजे काय’ यावर होते. त्या ६११ पैकी काहींत ‘क्षुल्लक’ असा शब्द आला होता, तो अपमानकारक आहे की नाही यावर ३४० होते. कोणीतरी मागितलेल्या माफीच्या सुरावर ९७. मूळ तक्रारीविषयी दोन: एक माझा आणि एक ताईचा. ताईने लिहिले होते, ‘अक्षरं मोठी कधी राहणार?’ तिला तत्परतेने उत्तर गेले की प्रश्न विचारण्यापूर्वी आधीचे संदेश वाचावेत.

दुसऱ्याच वर्षी एका अनोळखी शाळामास्तरांनी दुरुस्तीही पाठवली होती. एका ओळीची. तेव्हा गोठवण होती. मग वितळण आली तेव्हा बसेना. मास्तरांनी ती चार वेळा बदलून पाठवली. पाचव्या खेपेला नुसतेच लिहिले, ‘आपला नम्र’. वर काही नव्हते.

शेवटी या विषयावर समोरासमोर बसून एकदाच काय तो निकाल लावावा असे ठरले. आमची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. जिना दुकानातूनच जातो, त्यामुळे प्रत्येक सभासद बैठकीला येताना खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यासमोरून येतो. नऊ वर्षांत तो तक्ता वाचताना मी कोणाला पाहिले नाही.

“मुद्दा साधा आहे,” खांबसाहेब म्हणाले. “चौकट सेटिंग विसरते, पण रोज विसरते. एकदाही लक्षात ठेवलंय असं झालेलं नाही. यालाच मी स्थैर्य म्हणतो. उद्या तुम्ही दुरुस्त केलीत आणि दहातून एकदा विसरली, तर कोणी भरवसा ठेवायचा?”

“साहेब, तुम्ही भिंतीतल्या भेगेला पण नंबर द्याल,” भिंगरी म्हणाली.

“देतो. पुलावर देतातच.”

“मी काय म्हणते, आकार लक्षात ठेवणं हीच मुळात जुनी कल्पना आहे. काल मला मोठी हवी होती म्हणून आज पण हवीत? अक्षरांनी माणसाकडं बघावं, त्याचा मूड ओळखावा, आणि हळूच फुलावं. श्वास घेतल्यासारखं.”

“अक्षरं श्वास घ्यायला लागली तर वाचायचं कधी?”

“मध्ये मध्ये.”

मी चिटणीस म्हणून बोलू नये, पण बोललो. “ती मास्तरांची एक ओळ घालता आली तर—”

दोघेही माझ्याकडे मोठ्या मायेने वळले. “ओळीचं काही नाही हो,” खांबसाहेब म्हणाले. “पण प्रश्न तत्त्वाचा आहे.” भिंगरीने मान हलवली. तत्त्वावर त्यांचे नेहमीच एकमत असते.

मतदान झाले. ते संगणकावरून सर्वांना खुले असते, म्हणून २१४ मते पडली. स्थैर्याला १०३, नावीन्याला १०३, आणि उरलेल्या आठ जणांनी ‘मला फक्त निकाल पाहायचा आहे’ हा पर्याय निवडला. त्यांचे विशेष आभार मानण्यात आले, कारण एकमत तेवढ्यांचेच दिसले. बैठकीच्या अखेरीस आणखी अकरा किरकोळ ठराव एका दमात वाचून संमत झाले. किरकोळ असल्याने ते कोणी ऐकले नाहीत. मी लिहून घेतले, पण मीही ऐकत नव्हतो. पोटात कावळे ओरडत होते.

यानंतर जे घडले ते केवळ आकडेवारीमुळे घडले. ज्यांची परवानगी असते अशा संगणकांकडून आमच्याकडे वापराची माहिती येते. ताईच्या संगणकाची परवानगी मीच बसवताना देऊन टाकली होती. खांबसाहेबांनी एके दिवशी ती माहिती चाळली आणि त्यांचा फोन आला. आवाज भरून आला होता.

“चिटणीस, एक यंत्र सलग एक हजार नऊशे चार दिवस चालू आहे. एकदाही बंद नाही. जगात आपल्या चौकटीवर एवढा विश्वास टाकणारं कोणीतरी आहे.”

मी म्हणालो, “साहेब, ती माझी बहीण. ते तिकीट ४१७—”

“बहीण? मग तर दुधात साखर.”

दुसऱ्या दिवशी भिंगरीचा फोन. त्याच यंत्रावर अक्षरे तिप्पट आहेत, हे तिला दिसले होते. “पडद्यावर फक्त चार ओळी, दादा. एवढं धाडस आमच्यात कोणी केलं नाही. ही बाई काळाच्या पुढं आहे.”

अशा रीतीने सहा वर्षे जे तिकीट कोणी वाचले नाही, ते काढणारी बाई एका आठवड्यात दोन्ही पक्षांची आराध्य झाली. स्थैर्य पक्षाने तिला ‘अचल वापरकर्ती’ ठरवले, नावीन्य पक्षाने ‘उद्याची वापरकर्ती’. संयुक्त सत्कार करावा असे ठरले. पितळी पाटी करायला टाकली. मजकुरावर भांडण झाले, तेव्हा दोन्ही बिरुदे कोरावीत आणि लांबूनही दिसावीत म्हणून अक्षरे बोटभर उंचीची ठेवावीत, असा तोडगा निघाला.

मी ताईला सांगायला गेलो. ती डाव्या हातात कार्ड नाकाशी धरून उजव्या हाताने टंकत होती. खणांचे कपाट जवळजवळ रिकामे झाले होते. शेवटच्या खणात कार्डांची एक वीतभर ओळ उरली होती.

“किती राहिली?”

“दोनशे बारा.” तिने मान वर केली नाही. “दिवसाला दहा होतात. तीन आठवडे धर. मग मी स्वतः जाऊन ग्रंथपालांना सांगते, की दिसत नाही, बसवा खिडकीवर. मग तुमचा सत्कार-बित्कार करा.”

“ते लोक पुढच्या मंगळवारी येतायत.”

“त्यांना म्हणावं तीन आठवडे थांबा. सहा वर्षं थांबलेच ना?”

मी तिचे म्हणणे समितीपुढे ठेवले. नोंद घेण्यात आली. (मीच घेतली.)

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन्ही पक्ष ग्रंथालयात आले. ग्रंथपालांनी नवा शर्ट घातला होता आणि त्या अरुंद खोलीतला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा स्वतः उचलून बाहेर ठेवला होता. आपल्या हाताखालच्या बाईचे नाव कुठेतरी घेतले जातेय, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून ताई वाचनकक्षातून आणायला गेली. “बाकीच्यांनी हात लावू नका कशाला,” एवढे ती जाताना म्हणाली, आणि जाताना माझ्याकडे पाहिले.

फोटोची तयारी सुरू झाली. तेव्हा खांबसाहेबांच्या लक्षात आले की यंत्रावरची चौकट पाच वर्षांपूर्वीची आहे. त्यांचा चेहरा पडला. “सुरक्षेचे पन्नास अपडेट राहिलेत. असुरक्षित यंत्राला स्थैर्याची पाटी कशी द्यायची?”

“आणि जुन्या चौकटीवर ‘उद्याची वापरकर्ती’?” भिंगरी म्हणाली. “लोक हसतील.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. चौकटीच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती: आधी अपडेट, मग सत्कार. पाच मिनिटांचे काम. फक्त एकदा बंद करून चालू करायचे. ठराव तिथल्या तिथे मांडला गेला, अनुमोदन मिळाले, आणि तो एकमताने संमत झाला. खोटे कशाला सांगू, माझे डोळे पाणावले. नऊ वर्षे मी या शब्दाची वाट पाहत होतो. एकमताने.

अंमलबजावणी चिटणिसाने करायची असते. तसे घटनेत आहे.

मी पुठ्ठा काढून बटण दाबले.

यंत्र बंद झाले, चालू झाले, पट्टी सरकली, आणि नवी चौकट आली. फार देखणी होती. मी ताबडतोब सेटिंग उघडले. मला दिसते, मी दोन मिनिटांत अक्षरे मोठी करून देणार होतो आणि कोणाला काही कळणार नव्हते. सात पायऱ्या उतरलो. सातव्या पायरीवर अक्षरांच्या आकाराचे सेटिंग नव्हते.

ते काढून टाकले होते. कधी, ते मला नंतर माझ्याच इतिवृत्तात सापडले. किरकोळ ठराव नववा, माझ्या अक्षरात: ‘अक्षरांच्या आकाराचे सेटिंग स्वतःला विसरत असल्याने अस्थिर आहे, सबब काढून टाकावे. त्या जागी आकार आपोआप ओळखणारी नवी सोय यावी, ती पुढील आवृत्तीत पाहावी. तिकीट ४१७ मधील सेटिंगच अस्तित्वात नसल्याने त्याने विसरण्याचा प्रश्न उरत नाही. तिकीट सोडवले म्हणून बंद करावे.’ स्थैर्य पक्षाला काढून टाकणे मिळाले, नावीन्य पक्षाला पुढील आवृत्ती मिळाली. एवढा समतोल ठराव मी आजवर लिहिलेला नाही.

ताई दोन खुर्च्या घेऊन आत आली. खांबसाहेबांनी तिच्या हातून त्या घेतल्या आणि तिला अदबीने संगणकासमोर बसवले. “ताई, फोटोसाठी जरा पडद्यावरचं वाचून दाखवा. नैसर्गिक दिसू दे.”

ताई पडद्याकडे वळली. कडेच्या नजरेने तिला काय दिसले असेल ते असेल. तिची पाठ एकदम ताठ झाली. मग तिचा हात बटणाकडे गेला. पुठ्ठा नव्हता. तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

मागे ग्रंथपाल उभे होते. ताईने हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली.

“‘मधमाश्या पाळण्याची सोपी पद्धत’. पृष्ठे एकशे चौदा. मुखपृष्ठ फाटलेले. कपाट सात, खण तीन.”

ते ती खुर्च्या आणायला उठली तेव्हा हातात असलेले कार्ड होते. तिला ते पाठ होते. तिला बहुधा सगळीच पाठ होती. पडद्यावर लिहिले होते: ‘नव्या चौकटीत आपले स्वागत आहे. पुढे जाण्यासाठी कुठेही टिचकी मारा.’

फोटो निघाला. भिंगरीने टाळ्या वाजवल्या आणि मग अर्ध्यावर थांबवल्या.

ग्रंथपाल थोडे खाली वाकले. “ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, “ते तिथे नाहीये.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाली.

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. ग्रंथपालांनी दोन दिवस टाळले, तिसऱ्या दिवशी स्वतः ताईची खुर्ची उचलून कोटांच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. मी त्याच रात्री जुनी चौकट शोधून काढली, मास्तरांची ओळ तिच्यात घातली, आणि दुसऱ्या दिवशी त्या यंत्रावर बसवली. अक्षरे तिप्पट झाली. यंत्र बंद करून चालू केले. तिप्पटच राहिली. चार वेळा केले. मला वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे सहा वर्षांपूर्वीही माझ्याकडे होती. तेव्हा मी तिकीट काढले. आता त्या खोलीत अक्षरे खिडकीतून दिसावीत एवढी मोठी आहेत आणि समोर कोणी बसत नाही. ताईशिवाय त्या कार्डांवरचे अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून उरलेली कार्डे एका खोक्यात भरून तळघरात ठेवली. त्यांची पुस्तके वर कपाटात आहेत. परवा एक गृहस्थ मधमाश्यांचे पुस्तक मागायला आले होते. यंत्र म्हणाले, असे पुस्तक नाही. ताई कोटांच्या खिडकीतून म्हणाली, “कपाट सात, खण तीन.” गृहस्थांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि कोट घेऊन गेले.

मी तिला विचारले, रागावलीस का.

“तुझ्यावर रागावून काय करू,” ती म्हणाली. “तू लिहून घेतोस.” मग तिने खिडकीवर टांगलेल्या पितळी पाटीवरून बोट फिरवले. “हे मात्र छान केलंत. एवढं कसं स्वच्छ दिसतं बघ.” आमच्या समितीच्या हातून निघालेली, ताईला वाचता येईल अशी ही पहिली गोष्ट. तिच्यावर लिहिले आहे: अचल. उद्याची.

समितीत सध्या मोठी चर्चा चालू आहे. ते सेटिंग काढून टाकणे हे स्थैर्याचे पाऊल होते की नावीन्याचे, यावर दोन्ही पक्ष श्रेय सोडायला तयार नाहीत. नवे तिकीट उघडले आहे. आठवड्यात चारशे संदेश झाले. मतदान या महिनाअखेर आहे आणि ते सर्वांना खुले आहे.

आपणही मत द्यावे. इथवर वाचताना खांबसाहेबांचे बरोबर की भिंगरीचे, हे आपण मनाशी ठरवले असणारच. मी नऊ वर्षांत न ठरवणारा माणूस पाहिलेला नाही. ताईच्या बाजूने असा पर्याय मतपत्रिकेवर नाही. तो असावा अशी मागणी अजून आलेली नाही. आपली पहिली असेल. त्यासाठी एक छोटा अर्ज भरावा लागतो. त्याची अक्षरे जरा बारीक आहेत, पण आपल्याला काय त्याचे, आपल्याला दिसते.

(सध्या.)